‘तिथं’ न जाण्याचे रविवार

ऑक्टोबर महिना मला आवडत नाही, सरळ सांगतो. पाऊस गेलेला असतो, थंडीचा पत्ता नसतो आणि मधल्या मधे हा उकाडा जीव खातो. बदलापूरला आमच्या इमारतीच्या भिंतीवर चार महिने वाढलेलं शेवाळ वाळून काळं पडतं, बोट लावलं की भुकटी होते. संध्याकाळी सप्तपर्णी फुलते. लोक म्हणतात, अहाहा, काय वास! माझं डोकं उठतं त्या वासाने. परवा अंबरनाथहून स्कूटरवर येत होतो. मोरिवलीच्या बाजूला कारखान्यांच्या भिंतीलगत ती झाडं आहेत. वास नाकात शिरला आणि मी गाडी बाजूला घेऊन उगाच पाच मिनिटं उभा राहिलो. मागचा रिक्षावाला ओरडला, “क्या हुआ बॉस, पेट्रोल खतम?” मी हो म्हणून मान हलवली.

तीन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर असाच होता. पप्पा त्या वर्षी एप्रिलमध्ये गेले. आई मोरिवलीची खोली बंद करून आमच्याकडे बदलापूरला राहायला आली होती. पावसाळाभर ती गप्प होती. वर्षावास चालू होता. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असायचं, तिथे जायची, यायची, जेवायची, झोपायची. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपायचा, त्याला अजून तीन आठवडे होते. एके दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवून ती मला म्हणाली, “मिल्या, मला एकदा तिथं घेऊन चल.”

‘तिथं’ म्हणजे कुठं, हे आमच्या घरात कुणी विचारत नाही. पप्पा जिथे रोज संध्याकाळी सात ते नऊ बसायचे तो बार म्हणजे तिथं. अंबरनाथ पूर्वेला, कारखान्यातून घराकडे येण्याच्या वाटेवर. आईने आयुष्यात त्याचं नाव तोंडातून काढलं नाही. “कुठे आहेत पप्पा?” “असतील तिथं.” लहानपणी मला वाटायचं, त्या जागेचं नावच ते आहे.

“तिथं काय करायचंय तुला?” मी विचारलं.

“बघायचंय.”

“बार आहे आई तो. बायका जात नाहीत.”

“वर फॅमिली रूम आहे म्हणे. पाटी लिहिलीय. तीस वर्षं वाचतेय मी ती पाटी.”

माझी बायको, प्रज्ञा, ओट्यापाशी उभी होती. तिने गॅस बारीक केला आणि माझ्याकडे पाहिलं. मला घाम फुटला, आणि तो ऑक्टोबरचा नव्हता.

कारण मला एक गोष्ट माहीत होती, जी आईला माहीत नव्हती. पप्पांनी दारू सोडली होती. थोडीथोडकी नाही, आठ-नऊ वर्षं झाली होती सोडून. एका संध्याकाळी आईचं बीपी वाढलं म्हणून मी त्यांना बोलवायला तिथं धावत गेलो, तर हे टेबलावर सोडा, लिंबू आणि चणे घेऊन बसलेले. मी ग्लास उचलून वास घेतला. नुसता सोडा. पप्पा लाजले. माझा बाप, आयुष्यभर फिटर, हातात पाना घेऊन साहेबाला शिव्या घालणारा माणूस, शाळेतल्या पोरासारखा लाजला. म्हणाले, “आईला बोलू नको.”

“अहो पण का? खूश होईल ती.”

“खूश होईल. मग विचारेल, पीत नाही तर घरी का येत नाही.” त्यांनी लिंबाची फोड पिळली. “त्याचं उत्तर नाही रे माझ्याकडे.”

ते उत्तर खरंच नव्हतं. आमच्या घरात दारूवरून इतकी भांडणं झाली होती, की शेवटी भांडणंही संपली. आईने त्यांना वाढणं बंद केलं. ताट वाढून त्यावर दुसरं ताट झाकून ठेवायची आणि बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर जाऊन बसायची. पप्पा नऊला यायचे, तोंडात बडीशेप, ताट उघडायचे, एकटे जेवायचे. दारू सुटली तरी ती पद्धत सुटली नाही. कोण सुरुवात करणार? दारू सोडणं त्यांना जमलं. सात वाजता घरी येऊन बायकोसमोर बसायचं आणि काय बोलायचं, ते काही जमेना.

आता सांगा, हे मी आईला कसं कळू देणार? तिचा पस्तीस वर्षांचा राग दारूवर होता. दारूने घर खाल्लं, दारूने माणूस खाल्ला. त्या रागावर ती उभी होती. दारू नव्हतीच, तरी नवरा घरी येत नव्हता, हे तिला कळलं तर ती कशावर उभी राहणार? आणि तिथला म्हातारा वेटर, सदाअण्णा, तिला बघताच ते सांगून मोकळा होणार, याची मला शंभर टक्के खात्री होती.

म्हणून मी ठरवलं, टाळायचं. आईला रविवारी बाहेर न्यायचं, खायला घालायचं, फिरवायचं, पण तिथं नाही. दिवाळीपर्यंत तिच्या डोक्यातून ते निघून जाईल. मी फार हुशार आहे असं मला तेव्हा वाटायचं.

पहिल्या रविवारी मी तिला उल्हासनगरला नेलं. माझं काम तिथलंच. मॉड्युलर किचनचे ड्रॉइंग काढतो मी एका वर्कशॉपमध्ये. त्यामुळे सनमायका, हँडल, लाइट, पडदे, कोणतं दुकान उल्हासनगरच्या पाचांपैकी कुठल्या कॅम्पात आहे ते मला झोपेतही सांगता येईल. आधी नाश्ता. एका गल्लीत दाल-पकवानवाला आहे, बसायला चार बाकडी, वर पत्रा, पत्र्याखाली भट्टीसारखी गरमी. पण पकवान असं की तोडलं तर आवाज पलीकडच्या दुकानात जावा. आईने ताट वळवून वळवून पाहिलं.

“ही तर कडक पुरी आहे.”

“पुरी नाही, पकवान. डाळीत बुडवून खा.”

तिने खाल्लं. वर कच्चा कांदा, हिरवी चटणी. बोटं चाटली आणि मग पदराने पुसली. सत्तरीचा मालक गल्ल्यावरून म्हणाला, “अम्मा, और लो, शरमाना नहीं. आपका बेटा तो रोज का है अपना.”

“रोजचा?” आई म्हणाली.

“कामाच्या मधे येतो,” मी म्हणालो आणि घाईने उठलो.

नंतर तिला वॉलपेपरच्या दुकानात नेलं. दिवाळीच्या आधी उल्हासनगरला उभं राहायला जागा नसते. जो तो सोफा कव्हर, पडदे, उशांचे अभ्रे घेऊन धावत असतो. दुकानदाराने आमच्यासमोर एक रोल उलगडला. लाल विटांची भिंत, सिमेंटच्या रेघांसकट, हुबेहूब. “साईं, यही चल रहा है आजकल,” तो म्हणाला. आईने हात फिरवून पाहिला.

“विटांचा कागद?”

“हो. हॉलमध्ये लावतात.”

“अरे, आमची जिंदगी गेली विटा झाकायला गिलावा करण्यात. आणि लोक पैसे देऊन विटा लावतात?” ती इतकी हसली, की दुकानदारही हसायला लागला. पप्पा गेल्यावर ती पहिल्यांदा हसली होती. मी मनात म्हटलं, चला, जमलं.

स्कूटरवर बसताना ती म्हणाली, “छान होतं. आता पुढच्या रविवारी तिथं जाऊ.”

दुसऱ्या रविवारी मी तिला बदलापूर गावात नेलं. स्टेशनच्या गर्दीपासून आत, जुन्या गावात, एका आगरी बाईची खाणावळ आहे. पाटी नाही, फक्त ओटा आणि दरवाज्याबाहेर चपला. चपला जास्त दिसल्या तर समजायचं, आज मासे चांगले आहेत. बाई आतूनच ओरडली, “या बसा, कोण कोण हाय? चिंबोऱ्या हायत आज!” तांदळाच्या भाकऱ्या, पातळ, पांढऱ्या, वाफ येणाऱ्या. चिंबोऱ्यांचा रस्सा. आई मूळची साताऱ्याकडची. खेकडा तिने खाल्लेला, पण या मसाल्याचा नाही. पायाची नळी फोडायला तिने दगड मागितला. बाई खूश. दोघी गप्पा मारत बसल्या, मी बाजूला. बाई मला दाखवून म्हणाली, “ह्या दादा नेमी एकलाच येतं. म्या बोल्ले, बायकोला आन की कदी.”

आईने नळी तोंडातून काढली आणि माझ्याकडे बघितलं. परत नळी तोंडात घातली.

आता हेही सांगूनच टाकतो, कारण लपवण्यात अर्थ नाही. माझं वर्कशॉप साडेसहाला बंद होतं. उल्हासनगरहून स्कूटरने बदलापूर म्हणजे ट्रॅफिक धरून पाऊण तास. मी घरी पोहोचायचो पावणेनऊला. मधले दीड तास मी शोधकार्यात असायचो. नवी जागा सापडली की मला आनंद व्हायचा. कुठे नवीन कॅफे उघडलं, कुठल्या बारमध्ये सोलकढी घरच्यासारखी मिळते, कुठल्या दुकानात जुन्या पितळी कड्या वजनावर मिळतात, सगळं मला माहीत. मित्र फोन करून विचारायचे, “मिलिंद, अंबरनाथमध्ये पाहुण्यांना कुठे नेऊ?” मी मोठ्या ऐटीत सांगायचो. प्रज्ञाला मी सांगायचो, साइटवर होतो, क्लायंट सोडत नव्हता. भांडण नव्हतं आमचं. दारू नव्हती. नुसतं घरी गेल्यावर जे सुरू होतं, पोरीचा अभ्यास, गॅस संपला, सोसायटीचं पत्र, त्याच्या आधी थोडा वेळ कुणाचा कुणी नसावं, एवढंच. माझ्या आवडत्या जागा म्हणजे, खरं बोलायचं तर, घरी न जाण्याच्या जागा होत्या. हे मला तेव्हा असं स्वच्छ कळत नव्हतं. आईला मात्र दुसऱ्याच रविवारी कळायला लागलं असावं.

तिसऱ्या रविवारी पालेगाव. अंबरनाथजवळच्या या गावात नव्या टॉवरांच्या मागे अजून भाताची खाचरं शिल्लक आहेत. त्या दिवसांत भात पिवळं पडतं, वाऱ्यावर त्याचा एक कोरडा, गोडसर वास येतो, आणि त्यातच सिमेंटची धूळ. खाचराच्या कडेला एक कॅफे आहे, दोरीला बल्ब टांगलेले, वेताच्या खुर्च्या. मी आईला कोल्ड कॉफी मागवली.

“ही कॉफी आहे की आइसक्रीम?”

“दोन्ही.”

“हं.” तिने चमच्याने थोडी खाल्ली, थोडी प्यायली. समोर शेतात एक माणूस पाखरं हाकत होता. आई त्याच्याकडे बघत राहिली. मग, “तू मला फिरवतोयस.”

“मग? तुझ्यासाठीच तर.”

“तसं फिरवणं नाही. टाळतोयस.”

“काय टाळतोय?”

“काय लपवतोयस तू, मिल्या?”

उन्हाचा कडाका होता. माझा ग्लास रिकामा होता, तरी मी स्ट्रॉने ओढत होतो. घुर्र घुर्र आवाज. कॅफेतला पोरगा बिल घेऊन आला आणि म्हणाला, “सर, आज कोपऱ्यातलं टेबल नाही घेतलं?” त्याच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं मला. बिचाऱ्याची काय चूक.

चौथ्या रविवारी मी आजारी पडलो. खरं म्हणजे पडलो नाही, तसं सांगितलं. दिवसभर पांघरूण घेऊन उकाड्यात झोपून राहिलो. प्रज्ञा काढा घेऊन आली आणि उशाशी बसली. “काय चाललंय तुमचं माय-लेकाचं?” तिने विचारलं. मला तिला पप्पांची सगळी गोष्ट सांगावीशी वाटली. पण ती सांगितली असती तर पुढचा प्रश्न माझ्यावरच आला असता. मी म्हटलं, “काही नाही, डोकं दुखतंय.” बाहेर आई कुकरच्या शिट्ट्या मोजत होती. तिला अजिबात फरक पडला नव्हता.

दिवाळीच्या आधीचा रविवार. संध्याकाळी सहा वाजता आई पांढरी साडी नेसून हॉलमध्ये येऊन बसली. विहारात जाताना नेसते ती, निळ्या काठाची. मी म्हटलं, “विहारात चाललीस?”

“नाही. तिथं.”

“आई, पुढच्या आठवड्यात...”

“तू येणार नसशील तर रिक्षा करून जाते. मला पत्ता सांगायची गरज नाही.”

प्रज्ञा आतून आली. मला वाटलं ती मधे पडेल. तिने स्कूटरची किल्ली माझ्या हातात ठेवली.

अंबरनाथला पोहोचलो तेव्हा सात वाजायला आले होते. दुकानांवर कंदील लागले होते. बारच्या दारात गोंड्याचं तोरण होतं. आई क्षणभर थांबली. मी म्हटलं, वर चल, फॅमिली रूम, एसी आहे.

“ते वर बसायचे का?”

“नाही.”

“मग मी वर जाऊन काय करू?”

आणि ती सरळ आत शिरली. सत्तर माणसं असतील आत, की सतरा, मला आठवत नाही. एकदम आवाज खाली आला. पांढरी साडी, पांढरे केस, खांद्यावर पदर. एकाने ग्लास टेबलाखाली घेतला. आमच्या विहारातलाच, ओळखीचा होता. आईने त्याला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. लाकडावर सांडलेल्या दारूचा, तळलेल्या पापडाचा, फिनेलचा वास. मला वाटलं आता जमीन फाटावी.

सदाअण्णा आला. खांद्यावर फडकं, डोळ्यांना जाड भिंगं. मला ओळखलं. “अरे! फिटरसाबचे चिरंजीव. साब कुठं आहेत? सहा महिने झाले दिसले नाहीत.”

त्याला माहीतच नव्हतं. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. इतकी वर्षं रोज ज्याच्याकडे बसले त्याला कुणी कळवलंही नव्हतं. आम्ही दहा गावांना फोन केले होते.

“ते गेले,” आई म्हणाली. “एप्रिलमध्ये. मी त्यांची मिसेस.”

सदाअण्णाने खांद्यावरचं फडकं काढून हातात घेतलं. मग म्हणाला, “या वहिनी. बसा.” आणि भिंतीकडच्या एका टेबलापाशी नेलं. छोटं टेबल, अगदी भिंतीला टेकवलेलं. त्याला एकच खुर्ची होती. सदाअण्णा दुसऱ्या टेबलाजवळची एक खुर्ची उचलून घेऊन आला. ती खुर्ची तिथे मावेना. टेबल ओढून भिंतीपासून पुढे घ्यावं लागलं, तेव्हा कुठे खुर्ची मावली आणि आई टेकली. मी उभाच राहिलो.

“ते काय घ्यायचे?” आईने विचारलं.

“आई, जाऊ दे ना,” मी म्हटलं. “चल आता. बघितलंस ना?”

सदाअण्णाने माझ्याकडे पाहिलं. त्यालाही पप्पांनी बजावून ठेवलं असणार. तो घुटमळला. मग आईकडे वळून म्हणाला, “वहिनी, गेलेल्या माणसाबद्दल खोटं नको. साब पीत नव्हते. आठ-नऊ वर्षं झाली. दोन सोडा, लिंबू-मीठ, एक प्लेट चणे. बस. मालक बोलायचा, टेबल अडवतो. मी म्हटलं, राहू दे, जुना माणूस आहे.”

मी डोळे मिटून घेतले. आता हिचं काय होणार, आता काय सांगू, कुठून सुरुवात करू. माझ्या कानात नुसता पंख्याचा आवाज.

“ते माहीत आहे मला,” आई म्हणाली.

मी डोळे उघडले. “काय माहीत आहे?”

“पीत नव्हते ते. बायको होते मी त्यांची. मला वास कळत नाही?” ती माझ्याकडे वैतागून बघत होती, एखादं सोपं गणित चुकल्यासारखं. “विहारात पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला त्यांचा आवाज बसायचा. दारूचं शील ना ते. ओठ हलवायचे नुसते, लबाडी नको म्हणून. पंचवीस वर्षं बघत होते मी. मग एका विजयादशमीला पाचवं शील म्हटलं त्यांनी मोठ्याने, सगळ्यांच्या वर आवाज. मी मागे बायकांत बसले होते. मला तिथेच रडू आलं.”

“मग तू बोलली का नाहीस?”

“त्यांनी सांगितलं नाही. मी कशाला बोलू? रोज बडीशेप खाऊन यायचे. लोक दारू लपवायला खातात, यांनी पाणी लपवायला खाल्ली.” ती हसली, पण ते हसू टिकलं नाही. “मला वाटलं, इथे त्यांची माणसं असतील. कारखान्यातले दोस्त. सोडा पिऊन का होईना, गप्पा मारत असतील, हसत असतील. घरी काय होतं? मी तोंड फिरवून बसलेली. म्हटलं, आहे ना सुखात तिथं, राहू दे.”

मग ती सदाअण्णाकडे वळली. “कोण कोण असायचं त्यांच्याबरोबर?”

तेव्हा मला कळलं, ती कशासाठी आली होती. दारूसाठी नाही. हेच विचारायला आली होती.

सदाअण्णा फडक्याची घडी घालत होता. “कुणी नाही, वहिनी.”

“असं कसं? कधीतरी कुणी असेल.”

“आधी होते दोघं-चौघं. साबने प्यायची सोडली, तसे ते दुसऱ्या टेबलावर गेले. पिणाऱ्यांत न पिणारा नको वाटतो माणसाला. मग साब इथे. एकटेच.”

“आणि करायचे काय दोन तास?”

“टीव्ही बघायचे.” त्याने वर बोट दाखवलं. कोपऱ्यात एक टीव्ही होता, त्यावर कसलीतरी मॅच. “आवाज बंद असतो त्याचा.”

आई त्या टीव्हीकडे बघत राहिली. बॅट्समन आउट झाला, पुढच्या टेबलावर आरडाओरडा झाला, तिला ऐकूही गेलं नाही. मग ती हळू आवाजात, माझ्याशीही नाही आणि सदाअण्णाशीही नाही, अशी बोलली. “मीपण टीव्हीच बघत होते तेव्हा. बाहेरच्या खोलीत. सात ते नऊ.”

सदाअण्णाने न विचारता एक सोडा आणला. लिंबू पिळलं, मीठ घातलं. तो फसफसला. आईने तो सावकाश, सगळा, घोट घोट करून प्यायला. मी बिलासाठी हात खिशात घातला, तर सदाअण्णा म्हणाला, “हे काय करता,” आणि आत निघून गेला.

बाहेर आलो. रस्त्यावर रांगोळीचे, पणत्यांचे ठेले, माणसांची ही गर्दी. आई स्कूटरवर बसेना. गाडीच्या सीटवर हात ठेवून उभी राहिली.

“एकदा म्हणायला पाहिजे होतं मी,” ती म्हणाली. “एकदाच. आज लवकर या, एवढंच. आले असते रे ते. एवढं म्हटलं असतं तरी आले असते.”

“आई, तुझी काय चूक? तेही बोलू शकले असते.”

“मी त्यांचं नाही सांगत, माझं सांगतेय. मी म्हटलंच नाही. ते तरी कसे येणार?” तिने नाक पुसलं. मग एकदम मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं, इतक्या रविवारांत बघितलं नव्हतं तसं. “प्रज्ञा म्हणते का तुला?”

“काय?”

“लवकर ये म्हणून.”

मी किल्ली फिरवत होतो. ती फिरत नव्हती. मी उलटी घातली होती.

“म्हणते ना,” मी म्हटलं. “रोज म्हणते. साडेसहाला फोन असतो तिचा.”

“मग?”